सृष्टीचें कोडें : खडवलीच्या कातळांतील होकायंत्र

कल्याणाहून कसाऱ्याच्या बाजूस निघालेली गाडी शहाड, आंबिवली, टिटवाळा हीं स्थानकें मागें टाकून खडवलीस येते. टिटवाळ्यास गणपतीच्या दर्शनासाठीं उतरणारांची गर्दी असते. खडवलीस उतरतात ते बहुधा डबे घेऊन भातसा नदीवर वनभोजनास आलेले लोक. नदीचें पात्र काळ्या कातळाचें आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे तो उघडा पडतो. मुलें त्यावर उड्या मारतात, ओले कपडे त्यावर वाळत पडतात, पण कातळाकडे निराळेपणानें पाहण्याचें कोणास कारण पडत नाहीं. हा दगड आपणांस नवा थोडाच आहे! घरांतला पाटा-वरवंटा त्याचाच, आजीच्या वेळचें जातें त्याचेंच, विहिरीचें बांधकाम आणि तुळशीवृंदावनाचा चौथराहि त्याचाच.

या दगडाविषयीं जें सांगावयाचें आहे तें प्रथम ऐकतांना कोणासहि थट्टाच वाटेल. खडवलीचा हा कातळ तप्त रसापासून थिजून दगड झाला, तेव्हां खडवलीची भूमि आज आहे तेथें नव्हती. आज ती विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांच्या थोडी पुढें आहे. त्या वेळीं ती विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें २८ अंशांवर होती. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दरबान शहर ज्या अक्षांशावर आहे, त्याच्या किंचित उत्तरेस म्हटलें तरी चालेल. ही हकीकत कोणा प्रवाशानें लिहून ठेवलेली नाहीं. तेव्हां मनुष्यप्राणीच नव्हता. ती त्या दगडानेंच आपल्या अंगीं नोंदवून ठेवली आहे, आणि गेल्या पाऊणशे वर्षांत ती नोंद वाचण्याची विद्या मनुष्यास साध्य झाली आहे.

अमरकोश ज्यांच्या घरीं पाठ होत असे, त्यांना ठाऊकच आहे कीं पृथ्वीच्या नांवांत अचला आणि स्थिरा हीं दोन नांवें येतात. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते हें आर्यभटानें सांगितलें, तें पचावयासहि पुष्कळ काळ लागला. पण पृथ्वी फिरली तरी तिच्या पाठीवरचे देश एकमेकांपासून जागचे हलत नाहींत, हा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील बहुतेक पंडितांचाहि होता. १९१२ सालीं आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञानें खंडें सरकतात असें प्रतिपादन केलें, तेव्हां त्याची बरीच हेटाळणी झाली. त्याच्यापाशीं पुरावा होता तो किनाऱ्यांच्या आकारांचा, प्राण्यांच्या व वनस्पतींच्या अवशेषांचा. अमुक भूमि अमुक काळीं अमुक अक्षांशावर होती, असें आंकड्यांत सांगणारें साधन त्याच्या हातीं नव्हतें. तें साधन दगडांतील चुंबकत्वानें दिलें.

आतां दगडास स्मृति कशी असते तें पाहूं. आपल्या सह्याद्रीचा हा काळा दगड ज्वालामुखीचा आहे. मात्र त्या काळीं फुजियामासारखा एखादा शंकूच्या आकाराचा डोंगर आग ओकीत होता अशी कल्पना करूं नये. जमिनीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून हजार-अकराशें अंश सेंटिग्रेड तापलेला रस पुराच्या पाण्यासारखा वाहत राहिला. एक पूर थिजला कीं कांहीं काळानें त्यावर दुसरा. असे थरांवर थर सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं सांचले आणि त्यांनीं व्यापलेला प्रदेश आज झिजून उरला आहे तोहि सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भरतो. भूस्तरवेत्ते या दगडास ट्रॅप म्हणतात. शब्द मूळचा स्वीडिश असून त्याचा अर्थ जिना. माहुलीचा किल्ला किंवा कसाऱ्याचा घाट दुरून पाहिला असतां हें नांव किती यथार्थ आहे तें कळतें.

या रसांत लोह आणि प्राणवायु यांच्या संयोगानें झालेल्या मॅग्नेटाइट नांवाच्या खनिजाचे सूक्ष्म कण असतात. रस तापलेला असेपर्यंत त्या कणांच्या अंगीं स्थिर असें चुंबकत्व नसतें. १८९५ सालीं पिएर क्यूरी यांनीं दाखवून दिलें कीं प्रत्येक चुंबकीय पदार्थाचें एक ठराविक उष्णतामान असतें. त्याच्या वर तो पदार्थ आपलें चुंबकत्व गमावतो. शुद्ध मॅग्नेटाइटच्या बाबतींत तें ५८० अंश आहे. टायटॅनियम मिसळलेलें असल्यास त्याहून कमी. थर निवत निवत या उष्णतामानाच्या खालीं उतरला कीं हे कोट्यवधि कण त्या क्षणीं पृथ्वीचें चुंबकबल ज्या दिशेस असेल ती दिशा धरतात आणि पुढें ती सोडीत नाहींत. मग भूमि सरको, वळो, ध्रुव बदलो. कणांनीं एकदां धरलेली दिशा दगडाच्या आंत तशीच राहते. कुंभाराच्या आव्यांतून निघालेल्या विटेंतहि अशीच नोंद असते. म्हणजे खडवलीचा कातळ हें एक थिजलेलें होकायंत्र आहे, आणि त्यांतील सुई ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं अडकली, ती अडकलेलीच आहे.

पण होकायंत्राची सुई उत्तर दाखवील. अक्षांश कसा दाखवील? येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. बाजारांतल्या होकायंत्राची सुई मुद्दाम आडवी राहील अशी तोललेली असते, म्हणून तिचें निम्में ज्ञान आपणांपासून लपून राहतें. तें पाहावयाचें असेल तर मुलांनीं घरीं एक प्रयोग करावा. एक लांब बारीक दाभण घेऊन तो मध्यावर रेशमी दोऱ्यानें असा टांगावा कीं तो बरोबर आडवा राहील. गांठ घट्ट व दाभणास चिकटून असावी, नाहींतर फसगत होईल. मग बळकट लोहचुंबकाच्या एका टोंकानें तो एकाच दिशेनें वीस-पंचवीस वेळां घासून, गांठ न हलवितां, पुन्हां टांगावा. आतां तो उत्तर-दक्षिण तर होईलच, पण त्याचें उत्तरेकडील टोंक खालीं झुकेल. ठाणें-मुंबईकडे हा कोन सुमारें सत्तावीस अंश असतो. घरगुती प्रयोगांत थोडा कमी भरतो. या झुकण्यास नति म्हणतात. चुंबकीय विषुववृत्तावर नति शून्य, सुई आडवी. उत्तरेस जावें तसतसें उत्तर टोंक खालीं, आणि ध्रुवाशीं सुई उभी. दक्षिण गोलार्धांत याच्या उलट: उत्तर टोंक वर उचललेलें. शाळेंत त्रिकोणमिति झालेल्या मुलांसाठीं सूत्रहि देतों: नतीची स्पर्शज्या ही अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. तेव्हां दगडांतील नति मोजली कीं तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला तें निघालें.

इतकें सोपें असतें तर फारच बरें होतें. पण चिकित्सक वाचक अलिबागचें उदाहरण पुढें करूं शकेल. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार, आणि त्यांच्या प्रवाहानें नाजुक उपकरणें बिघडणार, असें दिसतांच त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं तें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. तेथें तें आजतागायत चाललें आहे. अलिबागचा अक्षांश साडेअठरा अंशांहून किंचित अधिक. पण आजच्या नतीवरून वरील सूत्रानें काढूं गेल्यास तो चौदांच्या आसपास येतो! चार अंशांची चूक म्हणजे साडेचारशें किलोमीटरांची चूक. असें होण्याचें कारण पृथ्वीचें चुंबकबल कोणत्याहि एका क्षणीं सुबक नसतें. तें शतकाशतकानें डोलत, सरकत असतें. कांहीं हजार वर्षांची सरासरी घेतली तरच चुंबकध्रुव भूगोलाच्या ध्रुवाशीं येऊन मिळतो आणि सूत्र खरें ठरतें. म्हणून एका कातळावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. निरनिराळ्या काळीं थिजलेले अनेक थर मोजावे लागतात. सुदैवानें सह्याद्रींत थरांची वाण नाहीं. कसाऱ्याच्या घाटांत गाडीच्या खिडकींतून काळ्या थरांमध्यें तांबड्या मातीचे पट्टे दिसतात ना, ते दोन पुरांच्या मधल्या विसाव्याचे. वरच्या बाजूस माती होण्याइतका काळ गेला, मगच पुढचा रस आला.

मोजणीचें काम कष्टाचें आहे. हिऱ्याच्या कणांनीं मढविलेल्या पोकळ गिरमिटानें इंचभर व्यासाच्या कांड्या कातळांतून कापून काढतात. कांडी सुटण्यापूर्वीं ती कोणत्या दिशेस व किती कलती होती याची खूण तिच्यावरच करतात. ही खूण चुकली तर पुढचें सारें व्यर्थ. गंमत अशी कीं या कामीं साधें होकायंत्र भरंवशाचें नसतें, कारण कातळाच्या चुंबकत्वानें त्याचीच सुई बहकते. म्हणून सूर्याच्या छायेवरून दिशा ठरवितात. पूर्वींचे पंचांगकर्ते शंकु उभारून करीत असत त्याच जातीचें हें काम. आणखी एक संकट विजेचें. उघड्या माथ्यावरच्या कातळावर वीज पडली असली तर तिच्या प्रचंड प्रवाहानें जुनी नोंद पुसून जाते, म्हणून माथ्यापेक्षां ओढ्याचें पात्र किंवा घाटांतला कापलेला कडा बरा. प्रयोगशाळेंत कांड्या एका विशेष भट्टींत पायरीपायरीनें तापवितात. त्या भट्टींत पृथ्वीचें चुंबकबल पोंचूं देत नाहींत. प्रथम अलीकडच्या काळांत चढलेला कच्चा रंग निघून जातो, पक्का रंग शेवटपर्यंत टिकतो. आणि हवा असतो तो हा पक्का. शिवाय थर मूळचे सपाट आहेत कीं मागाहून कलले तेंहि पाहावें लागतें. पनवेलच्या आसपास व त्याच्या उत्तरेकडे थर समुद्राकडे वांकलेले आहेत. तो कल हिशेबांतून वजा न केल्यास दगडाची सुई तितकीच खोटी बोलेल.

अशा शेंकडों थरांची मोजमापें फ्रान्समधील वांदाम, कुर्तीयो आणि बेस यांनीं १९९१ सालीं एकत्र जुळवून सबंध दख्खनच्या दगडासाठीं एक ध्रुव काढला. त्यांच्या आंकड्यांवरून खडवलीपुरतें गणित मांडलें तर नति सुमारें साडेसेहेचाळीस अंश येते, अक्षांश दक्षिण २८. आजच्या १९ उत्तरेपर्यंत ४७ अंशांचा प्रवास. एका अंशास १११ किलोमीटर धरले तर ५,२०० किलोमीटर झाले. दगडाची सुई उत्तरेच्या पश्चिमेस सुमारें २५ अंश वळलेली आहे, त्या अर्थीं वाटेंत भूमि डावीकडे तितकी फिरलीहि आहे.

यावर पहिला आक्षेप असा निघेल, आणि तो रास्त आहे. कल्याण स्थानकांत शेजारची गाडी सरकूं लागली म्हणजे क्षणभर आपलीच निघाली असें वाटतें. तसें येथें कशावरून नाहीं? भूमि जागचीच असेल आणि ध्रुवच फिरला असेल! एकट्या हिंदुस्थानचा दगड या प्रश्नाचें उत्तर देऊं शकत नाहीं. पण फलाटाकडे पाहिलें म्हणजे संशय फिटतो, आणि येथें फलाटाच्या ठिकाणीं दुसऱ्या खंडांचे दगड आहेत. त्याच काळांतले युरोप आणि उत्तर अमेरिका येथील दगड मोजले असतां ते ध्रुव आजच्या ध्रुवाच्याच आसमंतांत, फार तर दहा-पंधरा अंशांवर दाखवितात. आपला दख्खनचा दगड मात्र तो कोठें दाखवितो? उत्तर अक्षांश ३७ वर, आज अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थान आहे तेथें! एकाच काळीं पृथ्वीला दोन उत्तर ध्रुव असूं शकत नाहींत. ध्रुव फिरला असता तर सर्वच खंडांच्या दगडांनीं एकमुखानें तसें सांगितलें असतें. साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहींत, याचा अर्थ साक्षीदारच आपापल्या जागांवरून हलले आहेत. आमच्या मतें सबंध विषयांत हा युक्तिवाद सर्वांत सुंदर आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सह्याद्रीच्या घाटांत खालचे व मधले थर बहुतांशीं उलटी दिशा दाखवितात: सुईचें उत्तर टोंक दक्षिणेकडे आणि खालीं. सर्वांत वरचे थर दाखवितात उत्तरेकडे आणि वर. या विरोधाचें रहस्य १९०६ सालीं फ्रान्समध्यें बर्नार ब्र्यून यांना सांपडलें. तेथील एका जुन्या लाव्ह्याखालीं भाजून निघालेल्या मातीचें आणि त्या लाव्ह्याचें चुंबकत्व, दोन्हीं उलटीं निघालीं. दोन भिन्न पदार्थ एकदम खोटें बोलतील हें संभवत नाहीं. त्या अर्थीं पृथ्वीचेंच चुंबकत्व त्या काळीं उलट होतें. १९२९ सालीं जपानांत मातुयामा यांनीं याच प्रकारच्या उलट्या दगडांची वयवार मांडणी केली. पृथ्वीचा चुंबक असा अनेकदां उलटला आहे. शेवटचा पालट सुमारें पावणेआठ लक्ष वर्षांपूर्वींचा. दख्खनचे थर सांचत असतांनाच एक पालट होऊन गेला, म्हणून खालचे उलटे, वरचे सुलटे. मात्र दोघांचा झुकण्याचा कोन सारखाच भरतो, आणि दोघेहि दक्षिण गोलार्धाचीच साक्ष देतात. कोणी हट्टानें खालचेच थर सुलटे मानील, तर त्यास हिंदुस्थान उत्तर गोलार्धांत होता, पण जवळजवळ उलटा, कन्याकुमारी उत्तरेस करून होता, असें मानावें लागेल. नंतरच्या काळांतल्या दगडांशीं तें जुळत नाहीं.

ही विद्या प्रथम आपल्याच दगडावर पारखली गेली, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९५१ सालीं केंब्रिज येथें एडवर्ड अर्व्हिंग नांवाचा एक तरुण विद्यार्थी जुन्या दगडांचें चुंबकत्व मोजीत होता. वेगेनरचें म्हणणें खरें असेल तर सर्व देशांत हिंदुस्थानच सर्वांत दूर सरकला असला पाहिजे. तेव्हां परीक्षा घ्यावयाची तर तेथल्याच दगडाची, हें त्यानें ताडलें. संख्याशास्त्रांत ज्यांचें नांव सर्वश्रुत आहे त्या सर रोनाल्ड फिशर यांनीं त्यास उत्तेजन दिलें. विखुरलेल्या दिशांची सरासरी कशी घ्यावी व तींत चूक किती संभवते, याचें गणित त्यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलें, तें आजहि वापरांत आहे. हिंदुस्थानांतून दख्खनच्या दगडाचे थोडे नमुने गेले. ते अर्व्हिंगनें मोजले, आणि भूमि दूर दक्षिणेकडून आली व वळली, असा निष्कर्ष त्याच्या हातीं आला. १९५४ सालीं त्यानें प्रबंध सादर केला. परीक्षकांनीं पदवी नाकारली! तो ऑस्ट्रेलियास निघून गेला, काम करीत राहिला, आणि १९६५ सालीं त्याच विद्यापीठानें त्यास वरच्या दर्जाची डॉक्टर पदवी दिली. मुलगा एका परीक्षेंत नापास झाला म्हणून ज्या घरांत सुतक पाळतात, त्या घरांतल्या वडील मंडळींनीं हें चरित्र अवश्य वाचावें.

त्याच सुमारास लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत नोबेल पारितोषिक मिळविलेले ब्लॅकेट यांची मंडळी याच कामास लागली होती. ब्लॅकेट यांची कल्पना होती कीं कोणतीहि वस्तु नुसती फिरते म्हणूनच चुंबक बनते. ती पारखण्यासाठीं त्यांनीं पंधरा किलो शुद्ध सोन्याचा एक दंडगोल मिळविला आणि अत्यंत नाजुक चुंबकमापक बनविला. कल्पना खोटी ठरली, आणि तसें त्यांनीं १९५२ सालीं स्वच्छ लिहून प्रसिद्ध केलें. सोनें परत गेलें. मापक उरला, तो दगडांच्या कामीं आला. त्यांच्या मंडळींपैकीं क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनीं १९५६ सालीं हिंदुस्थानच्या दगडांविषयींचा आपला निबंध छापला, उत्तर तेंच.

आपल्या लोकांनींहि हें काम परक्यांवर सोडलें नाहीं. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत राधाकृष्णमूर्ति व सहस्रबुद्धे यांनीं डॉइच यांच्यासह दख्खनच्या दगडाचा अभ्यास करून १९५९ सालीं तो प्रसिद्ध केला. पुढें १९६३ सालीं आठवले, राधाकृष्णमूर्ति व सहस्रबुद्धे यांनीं देशांतील इतर दगडांचीं मोजमापेंहि प्रसिद्ध केलीं. सुमारें सहाशें मीटर उंचीच्या खालीं उलटे थर आणि वर सुलटे, असा एक ढोबळ नियम त्या काळीं मांडला गेला. थर सर्वत्र समपातळींत नसल्यामुळें तो पुढें जसाच्या तसा टिकला नाहीं, पण घाटाचे थर लावण्याची वाट त्यानें दाखविली.

वेगाचा प्रश्न राहिला. ५,२०० किलोमीटर ६ कोटी ६० लक्ष वर्षांत, म्हणजे वर्षास सरासरी आठ सेंटिमीटर. पण सरासरी फसवी असते. खरा हिशेब समुद्राच्या तळानें दिला. अरबी समुद्राच्या दक्षिणेस पाण्याखालीं एक लांब डोंगररांग आहे. तिचें नांव कार्ल्सबर्ग. डेन्मार्कच्या एका बियर-कारखान्यानें स्थापिलेल्या निधीच्या पैशावर झालेल्या सफरींत ती सांपडली, म्हणून हें नांव! १९६२ सालीं तिच्यावरून एका ब्रिटिश जहाजानें चुंबकमापनें घेतलीं, आणि त्यांच्या आधारें १९६३ सालीं व्हाइन व मॅथ्यूज यांनीं दाखविलें कीं अशा रांगांवर नवा तळ निर्माण होऊन दोहों बाजूंस सरकतो, व पृथ्वीच्या चुंबकाचे पालट त्या तळांत सुलट्या-उलट्या पट्ट्यांनीं उमटतात. हे पट्टे मोजले असतां कळतें कीं दख्खनचा लाव्हा वाहिला त्या सुमारास हिंदुस्थानची गति वर्षास पंधरा सेंटिमीटरांच्याहि वर गेली होती. खंडांच्या मानानें ही धांवच. सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं तो आशियास जाऊन भिडला आणि गति मंदावली. आज ती सुमारें पांच सेंटिमीटर आहे.

मधला समुद्र या टकरींत नाहींसा झाला, आणि त्याचा तळ हिमालयाच्या रूपानें वर आला. याचा पुरावा पुष्कळ घरांतून रोज पूजेंत असतो. गंडकी नदींतला शाळिग्राम फुटलेला असेल तर त्यांतलें चक्र नीट पाहावें. तो एका शिंपल्यासारख्या सागरी प्राण्याचा अवशेष आहे. त्यास अमोनाइट म्हणतात. हे प्राणी चौदा-सोळा कोटि वर्षांपूर्वीं त्या लुप्त समुद्रांत राहत होते. स्वयंपाकघरांतला पाटा विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून आला आहे, आणि देवघरांतला शाळिग्राम, पाटा ज्या भूमीवर बसून आला तिनें गिळलेल्या समुद्रांतला. एका घरांत दोघे येऊन बसले आहेत! हें कळल्यानें शाळिग्रामाची पूजा कमी होण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. मात्र पुराणांत पर्वतांना पंख होते असें वर्णन आहे, त्या अर्थीं आमच्या ऋषींना खंडांचें सरकणें ठाऊकच होतें, असें कोणी ठासून सांगूं लागला तर त्यास विचारावें कीं अक्षांश कोठें दिला आहे?

हें सारें सांगितल्यावर या विद्येच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. नतीवरून अक्षांश कळतो. रेखांश कळत नाहीं. खडवली २८ दक्षिण अक्षांशावर होती, पण पूर्वेस किती, पश्चिमेस किती, हें दगडाची सुई सांगत नाहीं. त्यासाठीं समुद्रतळाचे पट्टे जुळवावे लागतात. दुसरी अडचण रियुनियन बेटाची आहे. दख्खनचा लाव्हा ज्या खोल उष्ण स्रोतांतून आला, तोच आज मॉरिशसच्या शेजारीं रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी पेटता ठेवतो, असें पुष्कळ भूशास्त्रज्ञ मानतात. लक्षद्वीप-मालदीवची रांग ही त्या वाटेवरची खूण. पण रियुनियन आहे दक्षिण अक्षांश २१ वर, आणि दगड सांगतो २८. सात अंशांचा हा फरक मोजणीच्या चुकीचा म्हणून सोडून देण्याइतका लहान नाहीं. खालचा स्रोतच मधल्या काळांत उत्तरेस सरकला असें कांहींचें म्हणणें. पृथ्वीचें सबंध बाह्य कवचच आंतल्या गाभ्यावरून थोडें घसरलें असावें असें दुसऱ्यांचें. दोन्ही कारणें थोडींथोडीं खरीं असण्याचाहि संभव आहे. वाद चालू आहे, आणि त्याचा निकाल लावण्यासाठीं घाटांतल्या कातळांना अजून भोंकें पडत आहेत.